जुन्या हॅचबॅकची डिकी बटणावर उघडण्याची सोय कशी करावी

जुन्या हॅचबॅक गाडीची डिकी उघडण्याच्या तऱ्हा मोजक्याच असतात. एक तर मागच्या दारावरच्या कुलपात किल्ली फिरवावी लागते, किंवा किल्लीने मोकळे केलेले बटण अंगठ्याने आत दाबावे लागते, किंवा चालकाच्या आसनाशेजारी जमिनीलगत असलेला खटका ओढला की एक लांब केबल मागच्या लॅचपर्यंत, म्हणजे दार धरून ठेवणाऱ्या पकडीपर्यंत, ताणली जाते. तिन्हींमध्ये शेवटचे काम एकच असते: लॅचवरचा एक लहानसा दांडा काही मिलिमीटर सरकवणे. डिकी विजेवर उघडायची म्हणजे हाच दांडा हाताऐवजी सोलेनॉइडने (वीज मिळताच लोखंडी गाभा आत खेचणाऱ्या तारेच्या गुंडाळीने) किंवा मोटरने ओढायचा. हे काम हाती घेणारे बहुतेक जण वायरिंगच्या काळजीत असतात. प्रत्यक्षात घोडे अडते ते ओढीचा जोर, ओढीची दिशा आणि ओढीचे अंतर या तीन यांत्रिक गोष्टींवर. म्हणून या लेखातही आधी लॅच आणि मग वीज असा क्रम ठेवला आहे.

सुरुवात करण्यापूर्वी एक गोष्ट पक्की ठरवावी, ती म्हणजे डिकी उघडण्याची जुनी वाट बंद करायची नाही. किल्लीचे कुलूप असेल तर ते चालते ठेवावे, केबल असेल तर ती काढू नये. कुलूप काढून दार सपाट रंगवून घेण्याचा बेत असेल, तर लॅचच्या दांड्याला एक बारीक पोलादी केबल बांधून तिचे टोक मागच्या आसनामागे, हाताला सापडेल पण नजरेत भरणार नाही अशा जागी आणून ठेवावे. बॅटरी केव्हातरी उतरतेच आणि फ्यूज केव्हातरी उडतोच. त्या वेळी जॅक, स्टेपनी आणि काही गाड्यांत खुद्द बॅटरीही त्याच बंद दाराआड असते.

लॅचची ओळख आणि ओढीचे माप

मागच्या दाराचे आतले आवरण काढताना घाई करू नये. हात धरण्याच्या खोबणीत आणि कडेच्या छोट्या टोप्यांखाली स्क्रू लपलेले असतात. ते काढल्यावर उरलेले आवरण प्लॅस्टिकच्या क्लिपांवर बसलेले असते. जुने प्लॅस्टिक थंडीत ठिसूळ होते, म्हणून गाडी थोडा वेळ उन्हात ठेवून मगच, क्लिपच्या अगदी लगत चपटे हत्यार सरकवून, एकेक क्लिप उचकटावी. काही क्लिपा तरीही तुटतात, तेव्हा त्याच मापाच्या नव्या क्लिपा आधीच आणून ठेवलेल्या बऱ्या. आवरणाखाली पुष्कळदा पातळ प्लॅस्टिकचा कागद चिकट गोंदाने लावलेला आढळतो. तो फाडून टाकण्याचा मोह होतो; परंतु दारात शिरलेले पाणी आतल्या आवरणापर्यंत येऊ न देण्याचे काम तोच करत असल्यामुळे तो सावकाश सोलून बाजूला दुमडून ठेवावा.

आता लॅच नीट पाहावे. बहुतेक गाड्यांत चौकटीच्या खालच्या कडेवर एक पोलादी कडी असते आणि दारातल्या लॅचमध्ये तिला पकडणारी, फिरणारी नखी असते. नखी मिटली की स्प्रिंगवर ताणलेली एक खुंटी तिच्या खाचेत पडते आणि नखीला परत फिरू देत नाही. दार उघडे असतानाच स्क्रूड्रायव्हरचा दांडा कडीच्या जागी धरून नखीत दाबून पाहावा. प्रथम हलका खट् असा आवाज येतो आणि नखी अर्धी मिटते. आणखी दाबले की दुसरा, जास्त भरीव आवाज येतो आणि ती पूर्ण मिटते. दार अर्धवट लागले तरी ते एकदम उघडू नये यासाठी पहिला टप्पा असतो, आणि दार खऱ्या अर्थाने बंद होते ते दुसऱ्या टप्प्याला. नखी अशी पूर्ण मिटलेली असताना लॅचवरचे दांडे एकेक करून बोटाने हलवावेत, कोणत्या दांड्याने खुंटी निसटून नखी मोकळी होते ते शोधावे आणि त्यावर खडूने खूण करावी.

सेंट्रल लॉकिंग असलेल्या गाड्यांत येथे एक घोटाळा होतो. मागच्या दारात आधीपासून असलेली छोटी मोटर पाहून अनेकांना वाटते की हिलाच जास्तीची वायर दिली की काम भागेल. ती मोटर लॅच उघडत नाही. बाहेरचे बटण आणि लॅच यांच्यामधला दुवा ती फक्त जोडते किंवा तोडते. दुवा तुटलेला असताना बाहेरच्या बटणाची सळई कितीही ओढली तरी ती पोकळ हलते. म्हणून नवी ओढ बटणाच्या सळईला न जोडता दुव्याच्या पलीकडे, थेट खुंटी हलवणाऱ्या दांड्यालाच जोडावी. याचा दुसरा अर्थ असाही आहे की गाडी कुलूपबंद असली तरी विजेची ओढ डिकी उघडणारच. तेव्हा दाराच्या बाहेरच्या बाजूस, नंबरप्लेटच्या दिव्याशेजारी वगैरे, गुप्त बटण बसवण्याची कल्पना कितीही आकर्षक वाटली तरी ती सोडून द्यावी. बटण गाडीच्या आत असावे किंवा काम रिमोटने व्हावे.

ओढीला किती जोर लागतो हे अंदाजाने ठरवू नये. सामान तोलण्याचा हुकवाला काटा त्या दांड्याला अडकवून तो लॅच सुटेपर्यंत ओढावा आणि सर्वांत मोठा आकडा टिपून घ्यावा. मात्र हे माप दार उघडे ठेवून घेतले तर फसगत होते. बंद दाराला भोवतालचे रबर बाहेर रेटत असते, तो रेटा नखीवर आणि नखीमार्फत खुंटीवर येतो, आणि घर्षण वाढल्यामुळे खुंटी हलवायला कितीतरी जास्त जोर लागतो. म्हणून मागचे आसन दुमडून एकाने डिकीत शिरावे, दार बाहेरून दुसऱ्याने लावावे आणि काटा आतून ओढून खरे माप घ्यावे. शेजारी मोजपट्टी धरून दांडा किती मिलिमीटर सरकल्यावर लॅच सुटते तेही पाहावे. हे दोन आकडे हाती आल्याशिवाय कोणताही सुटा भाग विकत घेऊ नये. आकडा फारच मोठा निघाला तर लॅचमधले वाळलेले जुने ग्रीस केरोसीनने धुऊन काढावे, नवे पांढरे लिथियम ग्रीस लावावे आणि पुन्हा मोजावे. वर्षानुवर्षे धूळ खाल्लेले लॅच एवढ्यानेच बरेच हलके होते.

सोलेनॉइड, मोटर की तयार लॅच

त्याच मॉडेलच्या वरच्या श्रेणीच्या किंवा नंतरच्या वर्षांच्या गाडीत विजेचे लॅच आले असेल आणि त्याचे बोल्ट आपल्या दाराच्या भोकांवर जुळत असतील, तर जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांतून तेच मिळवावे. त्यात ओढ, दिशा आणि परतीची स्प्रिंग हे सारे कारखान्यातच जमवलेले असते आणि आपल्याकडे केवळ वायरिंग उरते. जुळणी पाहताना बोल्टच्या भोकांबरोबरच नखीची खोली आणि कडीपर्यंतचे अंतरही जुन्या लॅचशी ताडून पाहावे, आणि किल्लीची सळई नव्या लॅचला जोडता येते की नाही हे तर आधी पाहावे. असे लॅच मिळाले तर पुढचा जोडणीचा भाग सोडून थेट वायरिंगकडे वळता येईल.

ते न मिळाल्यास सेंट्रल लॉकिंगसाठी सुटी विकली जाणारी, पिस्तुलाच्या आकाराची मोटर हा दुसरा मार्ग आहे. तिचा दांडा साधारण २० मिलिमीटर सरकतो, प्रवाह थोडका लागतो आणि दोन वायरींची अदलाबदल केली की ओढण्याची ढकल होते. उणीव अशी की तिचा जोर बेताचा, काही किलोंचाच असतो, आणि तिला स्वतःची परतीची स्प्रिंग नसते. वीज गेल्यावर दांडा जिथल्या तिथे राहतो. लॅचच्या दांड्याची स्प्रिंग त्याला परत नेण्याइतकी ताठ असली तरच ही मोटर एकाच दिशेच्या विजेवर चालवता येते. वीज नसताना मोटरचा दांडा बोटाने सहज मागेपुढे सरकतो का हे हातात घेऊनच पाहावे.

तिसरा मार्ग सोलेनॉइडचा. तो झटका देतो, जोर भरपूर असतो आणि वीज गेली की स्प्रिंगने मोकळा होतो. जड लॅचसाठी माझी पसंती त्यालाच आहे. मात्र त्याच्या खोक्यावर छापलेल्या आकड्याकडे सावधपणे पाहावे. सोलेनॉइडचा गाभा जसजसा गुंडाळीच्या आत जातो तसतसा त्याचा जोर वाढत जातो, आणि जाहिरातीतला आकडा बहुधा गाभा जवळजवळ पूर्ण आत असतानाचा असतो. पूर्ण बाहेर काढलेल्या गाभ्याचा जोर त्याच्या अल्पशा हिश्शाइतकाच भरतो. नेमका याच सुरुवातीच्या क्षणी आपल्याला रबराच्या रेट्याखाली दबलेली खुंटी हलवायची असते. यावर उपाय म्हणजे मोजलेल्या जोराच्या किमान दुप्पट ताकदीचा सोलेनॉइड घ्यावा आणि जोडणी अशी करावी की लॅच बंद असताना गाभा पूर्ण बाहेर न राहता गरजेपुरताच बाहेर असेल. दांडा ८ मिलिमीटर सरकायला हवा असेल तर गाभा १० मिलिमीटर बाहेर असला की पुरे. २५ मिलिमीटर बाहेर ठेवून काहीच साधत नाही.

बसवण्याची जागा आणि जोडणी

ओढीची रेघ दांड्याच्या हालचालीच्या रेघेशी जुळली पाहिजे. सोलेनॉइड तिरपा बसला तर गाभा नळीच्या भिंतीला घासतो, अर्धा जोर घर्षणात जातो आणि काही दिवसांनी तो मधूनच अडकू लागतो. दारात सरळ रेघेत जागा नसेल तर सळईऐवजी बाह्य आवरण असलेली सायकलच्या ब्रेकसारखी केबल वापरावी. ती हलक्या वळणाने वळवता येते, मात्र तिच्या आवरणाची दोन्ही टोके घट्ट धरलेली हवीत, नाहीतर ओढल्यावर केबलऐवजी आवरणच सरकते.

धारक पट्टी किमान २ मिलिमीटर जाड पोलादाची घ्यावी. पातळ पत्र्याची पट्टी हाताला कडक वाटते, परंतु सोलेनॉइडच्या झटक्याला ती वाकते, आणि ती जितकी वाकते तितकी ओढ लॅचला कमी मिळते. पट्टी बसवण्यासाठी दारात असलेल्याच भोकांचा उपयोग करावा. नवे भोक पाडणे अपरिहार्य असेल तर ते फक्त आतल्या पत्र्यात पाडावे, ड्रिलच्या पात्यावर टेप गुंडाळून खोलीची मर्यादा ठरवावी म्हणजे पाते बाहेरच्या रंगवलेल्या पत्र्यापर्यंत जात नाही, आणि भोकाची कडा घासून तिला प्रायमर लावावा. लोखंडी कीस दाराच्या तळाशी राहिला तर गंज तेथूनच सुरू होतो, म्हणून तो चुंबकाने किंवा व्हॅक्यूमने उचलून घ्यावा.

सोलेनॉइड आणि लॅचचा दांडा यांच्या जोडणीत एक ते दोन मिलिमीटरची मोकळीक ठेवावी. ती नसेल तर खुंटी सतत किंचित ओढलेली राहते, नखीच्या खाचेत पूर्ण पडत नाही, आणि खड्ड्यातून जाताना डिकी आपोआप उघडण्याचा धोका निर्माण होतो. जोडणी लांबट खाचेची केली, म्हणजे किल्लीने लॅच उघडताना दांडा त्या खाचेतून एकटाच सरकेल, तर जुन्या वाटेवर नव्या यंत्राचे ओझेही पडत नाही. दाराच्या तळाशी पाणी उतरते आणि तेथील भोकांतून बाहेर जाते. ती भोके पट्टीने झाकू नयेत, आणि सोलेनॉइडच्या वायरी खालच्या बाजूने निघतील असा तो फिरवून बसवावा.

वीज कोठून आणि कशी

वायरिंगला हात लावण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे आणि सर्वांत शेवटी जोडावे. म्युझिक सिस्टिमला सांकेतिक क्रमांक लागत असेल तर तो आधी शोधून ठेवावा.

सोलेनॉइडला किती प्रवाह लागेल हे मल्टिमीटरने काढता येते: गुंडाळीचा रोध १ ओहम भरला तर १२ व्होल्टला १२ अँपिअर, ०.८ ओहम भरला तर १५ अँपिअर. इतका प्रवाह डॅशबोर्डवरच्या नाजूक बटणातून नेता येत नाही, म्हणून रिले, म्हणजे थोडक्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विजेचा स्विच, हवाच. वायरीची जाडीही येथेच ठरते. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या एक मीटर वायरीचा रोध सुमारे ०.०१८ ओहम असतो. पाच मीटर अंतरावर १५ अँपिअरला त्यातच सुमारे १.३ व्होल्ट गळतात. सोलेनॉइडचा जोर ढोबळमानाने प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे व्होल्टेजमधली ही दहा टक्क्यांची घट जोरात सुमारे वीस टक्क्यांची होऊन बसते. २.५ चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर गळती अर्ध्या व्होल्टच्या आसपास राहते. मोटरसाठी १.५ चौरस मिलिमीटर पुरेशी आहे.

मुख्य मार्ग असा आखावा. बॅटरीच्या धन टोकापासून किंवा फ्यूजपेटीतल्या कायम वीज असलेल्या जागेतून जाड वायर काढावी आणि वीतभर अंतरातच तिला फ्यूज बसवावा; सोलेनॉइडच्या २.५ चौरस मिलिमीटर वायरीला २० अँपिअरचा आणि मोटरच्या १.५ चौरस मिलिमीटर वायरीला १० अँपिअरचा. फ्यूज वायरीला जळण्यापासून वाचवण्यासाठी असतो, त्यामुळे तो वायरीच्या मागच्या टोकाला बसवण्यात काहीच अर्थ नाही. तेथून वायर मुख्य रिलेच्या ३० क्रमांकाच्या पायाला जाते आणि ८७ क्रमांकाच्या पायातून निघून मागे सोलेनॉइडपर्यंत पोहोचते. सोलेनॉइडचे दुसरे टोक अर्थला, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडलेल्या गाडीच्या धातूच्या अंगाला, जाते. फ्यूजपेटीतली जागा घेणार असाल तर तिला वीज पुरवणारा मार्ग एवढा प्रवाह सोसेल याची खात्री करून घ्यावी. ती नसेल तर सरळ बॅटरीवरूनच वायर काढावी. सिगारेट लायटरच्या किंवा मागच्या तापणाऱ्या काचेच्या वायरीतून वीज घेण्याचा आळस करू नये.

रिले पुढे डॅशबोर्डखाली ठेवावा की मागे डिकीत, यावर दोन मते आहेत. मी पुढे ठेवण्याच्या बाजूचा आहे. रिले मागे असला तर गाडीच्या लांबीभर कायम जिवंत वायर धावते. पुढे असला तर तीच वायर बटण दाबल्याचा क्षण सोडून नेहमी मृत असते, आणि कोठे घासली गेली तरी ठिणगी पडत नाही.

पुढचा प्रश्न असा की गाडी धावत असताना कोणाच्या हाताने बटण दाबले गेले तर काय करायचे. काही जण हँडब्रेकच्या स्विचवरून अडसर घेतात. परंतु त्या वायरीवर डॅशबोर्डचा दिवा आणि बहुधा ब्रेक ऑइलच्या पातळीचा स्विचही असतो, आणि इग्निशन बंद असताना त्या दिव्यातून उलटी वीज वाहून रिले भलत्याच वेळी ओढला जाऊ शकतो. त्यापेक्षा इग्निशनवरचा अडसर सोपा आणि भरवशाचा आहे. यासाठी पाच पायांचा, म्हणजे ८७ए असलेला, दुसरा रिले घ्यावा. ८६ आणि ८५ ही रिलेच्या गुंडाळीची टोके; त्यांपैकी ८६ ला इग्निशन चालू असतानाच येणारी वीज द्यावी आणि ८५ अर्थला जोडावा. ३० ला स्वतःच्या ३ किंवा ५ अँपिअरच्या फ्यूजमधून आलेली पातळ, कायम वीज असलेली वायर द्यावी, कारण जाड वायरीचा २० अँपिअरचा फ्यूज पातळ वायरीचे रक्षण करू शकत नाही. आता ८७ए मधून निघालेली वायर मुख्य रिलेच्या ८६ ला जोडावी. इग्निशन बंद असताना ३० आणि ८७ए जोडलेले राहतात आणि बटण काम करते. इग्निशन चालू होताच हा दुवा तुटतो आणि बटण निर्जीव होते. डिकी उघडण्यासाठी इंजिन बंद करावे लागते, ही किंमत मला योग्य वाटते.

मुख्य रिलेचा ८५ क्रमांकाचा पाय बटणातून अर्थला जातो. रिमोटच्या यंत्रणेत डिकीसाठी वेगळी वायर असेल तर ती बहुधा क्षणभर अर्थ देणारी असते आणि तिची क्षमता काहीशे मिलिअँपिअरची असते. रिलेची गुंडाळी साधारण दीडशे मिलिअँपिअर घेते, म्हणून ती वायर बटणाच्या बरोबरीने त्याच ८५ ला जोडता येते. सोलेनॉइड मात्र त्या वायरीवर थेट कधीही चालवू नये.

रिलेची वीज तुटताना गुंडाळीतून व्होल्टेजचा उलटा झटका निघतो आणि तो रिमोटच्या नाजूक सर्किटला मारक ठरतो. म्हणून दोन्ही रिलेंच्या ८५ आणि ८६ वर १एन४००७ हा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), त्याची पांढरी पट्टी ८६ कडे ठेवून, लावावा. सोलेनॉइडच्या दोन टोकांवर १एन५४०८ हा जाडसर डायोड, पट्टी धन बाजूला ठेवून, लावला की मुख्य रिलेचे संपर्कबिंदू जळत नाहीत. डायोड उलटा लागला तर पहिल्याच दाबाला फ्यूज उडतो किंवा डायोड जळतो, तेव्हा पट्टी दोनदा पाहावी.

एक अडचण अजून उरते. सोलेनॉइड क्षणभराच्या कामासाठी बनवलेला असतो. बटण अडकून बसले तर तो काही वेळातच तापून जळतो. तयार टायमर रिले हा एक उपाय आहे. इलेक्ट्रॉनिक्सची आवड असणाऱ्याने मुख्य रिलेचा ८५ आणि बटण यांच्यामध्ये ४७०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर, धन टोक रिलेकडे ठेवून, घालावा आणि त्याच्या दोन टोकांवर २२०० ओहमचा रेझिस्टर जोडावा. बटण कितीही वेळ दाबून धरले तरी रिले साधारण अर्धा सेकंदच ओढला जातो, आणि बटण सोडल्यावर रेझिस्टर कपॅसिटर रिकामा करतो. लगेच दुसऱ्यांदा दाबले तर रिले हलणार नाही. अर्ध्या मिनिटाने तो पुन्हा तयार असतो. रिलेच्या ८५ ची वायर कपॅसिटरच्या धन बाजूला, आणि बटणाची व रिमोटची वायर दुसऱ्या बाजूला आहे ना हे नकाशा कागदावर काढून पाहावे.

रबरी नळीतून दारापर्यंत

पुढून मागे वायर नेताना दाराखालच्या पट्टीच्या आवरणाखालून, गालिच्याच्या कडेने, मागच्या आसनाच्या बाजूने आणि मग मागच्या खांबातून वर छतापर्यंत असा मार्ग बहुतेक हॅचबॅकमध्ये मिळतो. पिवळ्या आवरणातल्या किंवा पिवळ्या सॉकेटच्या वायरी एअरबॅगच्या आणि सीटबेल्टच्या असतात; त्यांना हात लावू नये, आणि आपली वायर त्यांना केबल टायने बांधू नये. आसन दुमडताना त्याची बिजागरी जेथे फिरते ती जागा टाळावी.

छत आणि दार यांच्यामधली घड्या असलेली रबरी नळी हा या कामातला सर्वांत कटकटीचा भाग आहे. तिची दोन्ही टोके खोबणीतून बाहेर ओढावीत, आत साबणाचे पाणी सोडावे, एक लांब केबल टाय ओढणीसारखा आधी पार करावा आणि त्याच्या टोकाला वायर टेपने बांधून सावकाश ओढून घ्यावी. येथे साधी कडक वायर चालत नाही. दार प्रत्येक वेळी उघडताना ती त्याच जागी वाकते आणि अखेर आतली तांब्याची तार तुटते. पुष्कळ बारीक तारांची, सिलिकॉनच्या आवरणाची मऊ वायर घ्यावी. नळीच्या आत कोणताही जोड येऊ देऊ नये, आणि दार पूर्ण उघडल्यावरही वायर ताणली जाणार नाही इतकी ढील दोन्ही बाजूंना सोडावी.

नळी मोकळी केलीच आहे तर तिच्यातल्या जुन्या वायरीही एकेक करून वाकवून पाहाव्यात. वायपर, तापणारी काच आणि नंबरप्लेटचा दिवा यांच्या वायरींचे आवरण जुन्या गाड्यांत नेमके येथेच तडकलेले सापडते. तडकलेली जिवंत वायर आपल्या वायरीला टेकली आणि आपल्या वायरीचेही आवरण घासलेले असले, तर वीज इग्निशनचा अडसर आणि रिले दोन्ही चुकवून थेट सोलेनॉइडला पोहोचते. पार्किंगचे दिवे लावल्याबरोबर डिकी उघडण्यासारखे चमत्कार यातूनच घडतात. तडकलेला तुकडा कापून तेथे मऊ वायर घालावी, जोड नळीच्या बाहेर घ्यावेत आणि आपल्या वायरीवर स्वतंत्र स्लीव्ह, म्हणजे संरक्षक आवरणनळी, चढवावे.

अर्थसाठी बिजागऱ्यांवर विसंबू नये. रंग, ग्रीस आणि गंज यांच्यामुळे बिजागरीतून जाणारा मार्ग कधी लागतो कधी तुटतो, आणि सोलेनॉइड एके दिवशी चालतो, दुसऱ्या दिवशी नुसता टक् करतो. त्याच जाडीची दुसरी वायर नळीतूनच परत आणून गाडीच्या अंगावरच्या मूळ अर्थच्या बोल्टला, रंग खरवडून, लगने (वायरीच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीने) कसावी.

चाचणी

दार बंद करण्याची घाई हा येथला खरा शत्रू आहे. दार उघडे ठेवून, स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने नखी दोन आवाज येईपर्यंत मिटवावी, बटण दाबावे आणि नखी झटक्यात उघडते का पाहावे. हे सलग वीसेक वेळा, मध्ये अर्ध्या मिनिटाचा अवकाश देत करावे. मग त्याच पद्धतीने किल्लीची किंवा केबलची जुनी वाट तपासावी. त्यानंतर इग्निशन चालू करून बटण दाबावे. काहीही हलता कामा नये. हे सारे मनासारखे झाले तरच, आणि एक माणूस मागचे आसन दुमडून आत बसवूनच, दार पहिल्यांदा लावावे.

बंद दारावर लॅच सुटल्याचा आवाज येतो पण दार उघडत नाही, असे बऱ्याच गाड्यांत होते. गॅसचे शॉक दार काही अंश वर गेल्यावरच त्याला उचलू लागतात. पूर्ण बंद स्थितीत त्यांची रेघ बिजागरीच्या इतकी जवळून जाते की त्यांचा उचलण्याचा जोर नगण्य असतो. परिणामी लॅच सुटते, दार जागेवरच राहते, सोलेनॉइड मोकळा होतो आणि खुंटी पुन्हा खाचेत पडते. दाराच्या खालच्या कोपऱ्यांत जे रबरी बफर असतात ते पुष्कळदा फिरवून वरखाली करता येतात. ते दोन-तीन फेरे बाहेर काढले की बंद दार थोडे रेटलेले राहते आणि लॅच सुटताच बोटभर वर येते. बफर जास्त बाहेर काढले तर दार लावायला आपटावे लागते आणि लॅचवरचा रेटा वाढून सोलेनॉइडला जड जाते, तेव्हा अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने पुढे जावे आणि प्रत्येक वेळी चालवून पाहावे. थकलेले शॉक आणि दबून चपटे झालेले भोवतालचे रबर बदलल्यानेही फरक पडतो. एवढ्याने भागले नाही तर लॅचशेजारी दाराला ढकलणारी एक आखूड, टोकाला रबर असलेली स्प्रिंग बसवावी.

इंजिन बंद असताना, बॅटरी दोन-चार दिवस चार्ज न झालेली असतानाही एकदा चालवून पाहावे. १२.६ व्होल्टला आरामात सुटणारे लॅच ११.८ व्होल्टला अडत असेल, तर सोलेनॉइड मुळातच कमी ताकदीचा आहे किंवा एखादा जोड रोध दाखवत आहे. बटण दाबलेले असताना सोलेनॉइडच्या दोन टोकांवरचे व्होल्टेज मोजावे. अर्ध्या सेकंदाच्या झटक्यात मल्टिमीटरचा आकडा स्थिरावत नाही, म्हणून या मोजमापापुरते सोलेनॉइडच्या जागी दोन हेडलाइटचे ५५ वॅटचे बल्ब समांतर जोडून आणि कपॅसिटरला तात्पुरती बगल देऊन पाहावे. बॅटरी आणि बल्ब यांच्या टोकांवरच्या व्होल्टेजमध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा फार जास्त फरक दिसला तर प्रथम अर्थचा बोल्ट आणि मग फ्यूजची धारक जागा तपासावी.

शेवटी प्लॅस्टिकचा कागद त्याच्या जुन्या गोंदावर परत दाबून बसवावा, गोंद वाळला असेल तर ब्युटाइल रबराची चिकट पट्टी लावावी, आणि आवरणाच्या क्लिपा ठोकून बसवण्याआधी एकही वायर त्यांच्याखाली चिरडली जात नाही हे बोटाने चाचपून घ्यावे. पहिल्या मोठ्या पावसानंतर आवरणाचा खालचा कोपरा उचलून सोलेनॉइडवर पाणी आलेले नाही ना हे पाहावे आणि त्याच वेळी धारक पट्टीचे नट पुन्हा एकदा कसावेत, कारण दार लावण्याच्या धक्क्यांनी ते पहिल्या काही आठवड्यांतच ढिले पडतात.